भागीदारीची जोखीम आणि नगरपालिका

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवर, ज्या उंच जागेला लोक ‘रिज’ म्हणतात तेथे, हिंदूराव रुग्णालय उभे आहे. या नावाशी मराठी वाचकाचे जवळचे नाते आहे. दौलतराव शिंदे यांची पत्नी बायजाबाई ही कागलच्या सर्जेराव घाटगे यांची कन्या. तिचा भाऊ हिंदूराव घाटगे उत्तर हिंदुस्थानात स्थायिक झाला आणि त्याने विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा येथील बंगला विकत घेतला. १८५७ च्या लढाईत हा बंगला इंग्रजांचे मोक्याचे ठाणे होता. आज त्या जागेवर दिल्ली महानगरपालिकेचे सर्वांत मोठे रुग्णालय चालते.

सार्वजनिक-खासगी भागीदारीचा विचार या रुग्णालयापासून सुरू करण्यास एक कारण आहे. २०२० साली, महामारी ऐन भरात असताना, येथील डॉक्टरांना कित्येक महिने वेतन मिळाले नव्हते. त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात निवासी डॉक्टरांनी आंदोलन केले व रुग्णांना अन्यत्र हलवावे लागले. त्या वेळी दिल्लीत एकाऐवजी तीन महानगरपालिका होत्या. २०१२ मध्ये जुन्या महानगरपालिकेचे त्रिभाजन झाले होते आणि २०२२ मध्ये तिन्ही पुन्हा एक करण्यात आल्या. उत्तर दिल्लीच्या वाट्याला मोठी रुग्णालये आली, परंतु त्यांच्या खर्चाच्या मानाने उत्पन्न आले नाही. स्वतःच्या डॉक्टरांचे वेतन वेळेवर देऊ न शकणाऱ्या संस्थेपुढे जेव्हा एखादी कंपनी येऊन म्हणते की, रस्ता आम्ही बांधतो, कचरा आम्ही उचलतो, पाणी आम्ही देतो, तुम्हाला आज एक पैसाही खर्च करावा लागणार नाही, तेव्हा ती संस्था नकार देण्याच्या स्थितीत नसते. भागीदारीची पहिली जोखीम येथेच, करार होण्यापूर्वीच, जन्म घेते. गरजू माणसाने केलेला सौदा क्वचितच चांगला असतो.

ही विपन्नावस्था केवळ दिल्लीची नाही. १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनात्मक स्थान दिले व कामांची लांबलचक यादी दिली, परंतु त्या कामांसाठी लागणाऱ्या पैशाची व्यवस्था बहुतांशी राज्य सरकारांच्या मर्जीवर सोपविली. महाराष्ट्रात जकात हा शहरांच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. तो टप्प्याटप्प्याने गेला, त्याच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही २०१५ मध्ये बहुतांशी रद्द झाला, आणि शहरे राज्याच्या अनुदानावर अवलंबून राहू लागली. शहरे मात्र वाढतच होती.

भागीदारीचे मूळ तत्त्व समजण्यास सोपे आहे. एखादे काम ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ या पद्धतीने दिले जाते. कंपनी स्वतःचे व कर्जाऊ घेतलेले पैसे घालून बांधकाम करते, ठरावीक वर्षे त्याचा वापर करून शुल्क वसूल करते आणि मुदत संपल्यावर ते काम विनामूल्य सरकारच्या स्वाधीन करते. या व्यवस्थेच्या समर्थनार्थ मुख्यतः असे सांगितले जाते की, यात जोखीम खासगी भागीदाराकडे जाते. बांधकामाचा खर्च वाढला, वाहने अपेक्षेपेक्षा कमी आली, व्याजाचा दर चढला, तर तोटा कंपनीचा. नगरपालिका सुरक्षित.

हा युक्तिवाद तपासण्याआधी पैशाचा एक साधा हिशेब पाहणे इष्ट आहे. समजा, एका कामासाठी १०० कोटी रुपये लागतात आणि ते वीस वर्षांत समान वार्षिक हप्त्यांनी फेडावयाचे आहेत. सरकारी पाठबळ असलेल्या संस्थेस ते ८ टक्के दराने मिळाले तर वार्षिक हप्ता सुमारे १० कोटी १९ लाखांचा पडतो. खासगी कंपनीचे कर्ज आणि तिच्या भागधारकांचा अपेक्षित नफा मिळून दर १२ टक्के धरला, तर हाच हप्ता १३ कोटी ३९ लाखांच्या आसपास जातो. वीस वर्षांत हा फरक सुमारे ६४ कोटींचा होतो. आकडे कल्पित आहेत, परंतु फरकाची दिशा कल्पित नाही. खासगी पैसा सार्वजनिक पैशापेक्षा महाग असतो. तो महाग पैसा घेण्याचे एकच समर्थनीय कारण असू शकते, ते म्हणजे त्या जादा रकमेच्या बदल्यात जोखीम खरोखरीच दुसऱ्याने उचलली पाहिजे. विम्याचा हप्ता भरल्यावर विमा मिळालाच पाहिजे. तो मिळतो का, हा खरा प्रश्न होय.

हिंदूराव घाटग्यांचे मूळ गाव कागल हे कोल्हापूरपासून वीस किलोमीटरच्या आतच आहे, आणि या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर कोल्हापूर शहरातच मिळते. तेथील महानगरपालिकेने राज्य रस्ते विकास महामंडळाच्या सहभागाने एकात्मिक रस्ते विकास प्रकल्प हाती घेतला. शहरातील सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचे रस्ते आयआरबी समूहाच्या कंपनीने सुमारे २२० कोटी रुपये खर्चून करावयाचे, आणि त्या बदल्यात शहराच्या प्रवेशमार्गांवर तीस वर्षे टोल वसूल करावयाचा, असा करार झाला. याखेरीज टेंबलाईवाडी येथील मोक्याची जमीनही कंपनीस दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली. काम २००९ च्या सुमारास सुरू झाले.

महामार्गावरील टोल आणि शहरातील टोल यांत मूलभूत अंतर आहे. महामार्गावरून जाणारा प्रवासी पाहुणा असतो. तो एकदा पैसे देऊन निघून जातो आणि निदान तत्त्वतः त्याला दुसरा मार्गही असतो. कोल्हापुरात टोल देणारा मनुष्य हा करवीर, कागल, पन्हाळा या तालुक्यांतून रोज बाजाराला, दवाखान्याला, कचेरीला येणारा होता. शहराच्या वेशीवर नाके उभारले की शहर आणि त्याचा परिसर यांमधील नित्याचे दळणवळणच करपात्र होते. शिवाय ज्या रस्त्यांसाठी पैसे द्यावयाचे ते रस्ते नवे नव्हते. पूर्वी ते फुकट होते. रस्त्याकडेची गटारे, पदपथ, रस्त्याखालील नळ हलविण्याचे काम यांबद्दल तक्रारी होत्या, आणि काम खरोखर पूर्ण झाले आहे की नाही याविषयी पालिका, कंपनी व नागरिक यांचे एकमत कधीच झाले नाही. करार झाला तेव्हा त्यातील कलमे किती नागरिकांना, किंबहुना किती नगरसेवकांना, ठाऊक होती हाही प्रश्न नंतर वारंवार विचारला गेला.

सर्वपक्षीय टोलविरोधी कृती समिती स्थापन झाली. ज्येष्ठ नेते प्रा. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे हे तिच्या अग्रभागी होते. हजारोंचे मोर्चे निघाले. ऑक्टोबर २०१३ मध्ये पोलीस बंदोबस्तात वसुली सुरू झाली, आणि जानेवारी २०१४ मध्ये संतप्त जमावाने नाके जाळले. फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने वसुलीस स्थगिती दिली, मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती उठविली आणि जूनमध्ये नाके पुन्हा सुरू झाले. त्यानंतर राज्यात सत्तापालट झाला. नव्या सरकारने रस्त्यांचे मूल्यांकन करविले, २०१५ मध्ये वसुली आधी स्थगित केली व वर्षअखेरीस कायमची रद्द केली. कंपनीस भरपाई देण्याचे ठरले. ती रक्कम चारशे कोटी रुपयांहून अधिक होती.

आता पुन्हा तो युक्तिवाद आठवावा. वाहनसंख्येची आणि वसुलीची जोखीम कंपनीची होती. प्रत्यक्षात वसुली अशक्य झाली तेव्हा ती जोखीम महाराष्ट्र सरकारच्या तिजोरीत येऊन विसावली. २२० कोटींच्या रस्त्यांसाठी सुरुवातीला एक पैसाही नको होता, परंतु अखेरीस मूळ खर्चाच्या जवळजवळ दुप्पट रक्कम सार्वजनिक पैशातून द्यावी लागली. यात कंपनीने काही बेकायदेशीर केले असे म्हणण्याचे कारण नाही. कराराने जे दिले ते तिने मागितले. नागरिकांनीही जो करार आपण केलाच नव्हता असे त्यांना वाटत होते तो मोडला. चूक मधल्या दुव्यात होती. लोकांच्या वतीने सही करणाऱ्या संस्थेने लोकांना न विचारता तीस वर्षांचे वचन दिले होते. कोणत्याही वित्तीय कोष्टकात या जोखमीसाठी रकाना नसतो.

पाण्याच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक गंभीर रूप घेते, कारण रस्ता चुकविता येतो, पाणी चुकविता येत नाही. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, या शहरासाठी जायकवाडीहून समांतर जलवाहिनी टाकण्याची सुमारे ७९२ कोटींची योजना २०११ मध्ये भागीदारीने देण्यात आली. पाणीपट्टीत दरवर्षी दहा टक्के वाढ हा तिच्या आर्थिक गणिताचा भाग होता. कंपनीने २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठा हाती घेतला, परंतु जिच्यासाठी हा सारा खटाटोप होता ती वाहिनीच रेंगाळली. पाणीपट्टीची वाढ मात्र वेळेवर होत होती. २०१६ मध्ये महानगरपालिकेने करार रद्द केला. पुढे नवी योजना आली, तिचा खर्च १,६८० कोटी ठरला आणि नंतर तो २,७४० कोटींवर गेला. फसलेल्या भागीदारीची किंमत भरपाईच्या रकमेत मोजतात, पण वाया गेलेल्या वर्षांची किंमत त्याहून मोठी असते. ती वर्षे शहरातील लोकांनी टँकरच्या रांगेत काढली.

नागपूरचे उदाहरण याहून वेगळे आहे आणि ते वगळणे अन्यायाचे होईल. तेथे मार्च २०१२ पासून संपूर्ण शहराचा पाणीपुरवठा पंचवीस वर्षांसाठी एका खासगी चालक कंपनीकडे आहे. जुने नळ बदलण्याच्या खर्चाचा सत्तर टक्के भाग केंद्र व राज्य सरकारांनी जवाहरलाल नेहरू पुनर्निर्माण योजनेखाली दिला आणि उरलेला तीस टक्के कंपनीने घालावयाचा होता. करार टिकला, काही वस्त्यांना अखंड पाणीही मिळू लागले. तरी चोवीस तास पाण्याचे जे अभिवचन पाच वर्षांत संपूर्ण शहरासाठी दिले होते ते मुदतीत पुरे झाले नाही. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, ज्या भागीदारीत भांडवलाचा मोठा वाटा सार्वजनिक होता तीच टिकून राहिली. खासगी भांडवल येईल म्हणून भागीदारी करावयाची, आणि ती टिकते मात्र सार्वजनिक भांडवलावर, हा विरोधाभास नव्हे काय?

दिल्लीत परत येऊ. २००५ साली तेथील महानगरपालिकेने आपल्या बारा विभागांपैकी सहा विभागांतील कचरा गोळा करून वाहून नेण्याचे काम खासगी कंपन्यांकडे सोपविले. ज्या परिसरात हिंदूराव रुग्णालय आहे त्या सिव्हिल लाइन्स विभागासाठी आणि रोहिणीसाठी असाच करार २००९ मध्ये झाला. कंपनीस मोबदला मिळे तो वाहून नेलेल्या कचऱ्याच्या वजनावर. ही वरवर निरुपद्रवी वाटणारी तरतूद साऱ्या व्यवहाराची दिशा ठरविते. टनामागे पैसे मिळत असतील तर कचरा कमी व्हावा, घरातच ओला-सुका वेगळा व्हावा, त्यातील कागद, काच, लोखंड भंगारवाल्याकडे जावे, यांत वाहून नेणाऱ्याचा काहीच लाभ नसतो. उलट जितके जड, तितके बरे. बांधकामाची माती व विटांचे तुकडे गाडीत पडले तरी वजनकाटा त्यांना कचराच समजतो.

याचा भार ज्यांच्यावर पडला त्यांचे नाव कोणत्याही करारात नव्हते. दिल्लीत गल्लीतील कचरा ज्या पक्क्या आडोशात टाकतात त्याला ‘ढलाव’ म्हणतात. तेथे पिढ्यान्‌पिढ्या कचरावेचक कुटुंबे माल निवडीत असत. ढलाव कंपनीच्या ताब्यात गेल्यावर त्या कचऱ्यावर कायद्याने मालकी कंपनीची झाली आणि वेचक एका रात्रीत आगंतुक ठरले. शहराचा पुनर्वापरयोग्य माल फुकट निवडून देणारी ही यंत्रणा हिशेबात धरलीच नव्हती, म्हणून तिचे नुकसानही हिशेबात आले नाही. दुसरीकडे गाझीपूर व भलस्वा येथील कचऱ्याचे डोंगर, त्यांची क्षमता कधीच संपली असूनही, वाढत राहिले. सप्टेंबर २०१७ मध्ये गाझीपूरच्या डोंगराचा कडा कोसळून दोघांचा मृत्यू झाला. एप्रिल २०२२ मध्ये भलस्व्याचा डोंगर कित्येक दिवस जळत होता. त्या डोंगरांचा दोष सर्वस्वी या करारांना देता येणार नाही, कारण ते करारांच्या आधीपासून उभे होते. परंतु ते लहान व्हावेत अशी प्रेरणाही वजनावरच्या मोबदल्यात नव्हती. आणि धूर घरात शिरला तेव्हा लोक कंपनीच्या कचेरीत गेले नाहीत. ते आपल्या नगरसेवकाकडे गेले.

याच शहरातील दुसरा एक प्रकल्प नगरपालिकेचा नाही, तो मेट्रो रेल्वे महामंडळाचा आहे. तथापि जोखमीच्या विभागणीचा विचार करताना तो टाळता येत नाही. नवी दिल्ली स्थानकापासून विमानतळमार्गे द्वारकेपर्यंत जाणारी सुमारे तेवीस किलोमीटरची मेट्रो ऑगस्ट २००८ च्या कराराने रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरच्या उपकंपनीकडे तीस वर्षांसाठी देण्यात आली. बोगदे आणि पूल महामंडळाने बांधावयाचे, रूळ, गाड्या व सिग्नल कंपनीने. फेब्रुवारी २०११ मध्ये गाडी धावू लागली. जुलै २०१२ मध्ये पुलाच्या तुळयांखालील आधारांत दोष आढळल्याचे सांगून ती बंद करण्यात आली. कंपनीने करार संपुष्टात आणण्याची नोटीस दिली, मध्यंतरी गाडी पुन्हा सुरू झाली, आणि १ जुलै २०१३ पासून मार्ग महामंडळाने आपल्याकडे घेतला. गाडी थांबू देणे शक्यच नव्हते.

पुढचा प्रवास न्यायालयांतून झाला. २०१७ मध्ये लवादाने कंपनीस २,७८२ कोटी रुपये व त्यावर व्याज द्यावे असा निवाडा दिला. उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने तो कायम केला, २०१९ मध्ये खंडपीठाने तो रद्द केला, सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कायम केला, आणि १० एप्रिल २०२४ रोजी त्याच न्यायालयाने दोषदुरुस्ती याचिकेवर तो रद्द ठरविला. तोवर व्याजासह रक्कम सात हजार कोटींच्या पुढे गेली होती. महामंडळ अखेर वाचले, परंतु दशकभर एवढी मोठी टांगती तलवार घेऊन शहराच्या वाहतुकीचे नियोजन करावे लागले. दिल्ली मेट्रोसारखी तज्ज्ञ अभियंते आणि कायदेपंडित बाळगणारी संस्था जेथे जेरीस येते, तेथे एखाद्या ‘क’ वर्ग नगरपालिकेचा मुख्याधिकारी काय करणार?

परदेशांतही हा अनुभव अपरिचित नाही. अमेरिकेतील शिकागो शहराने २००८ च्या डिसेंबरमध्ये रस्त्यांवरील सुमारे ३६,००० वाहनतळ-मापके ७५ वर्षांसाठी एका खासगी समूहाला १ अब्ज १५ कोटी डॉलरना दिली. शहराच्या अंदाजपत्रकात तूट होती, आणि नगरपरिषदेने काही दिवसांतच मंजुरी दिली. पुढच्याच वर्षी शहराच्या महानिरीक्षकांनी दाखवून दिले की ही मालमत्ता सुमारे ९७ कोटी डॉलर कमी किमतीत गेली. त्याहून चमत्कारिक अट पुढे लोकांच्या ध्यानी आली. जत्रेसाठी, दुरुस्तीसाठी शहराने एखादा रस्ता बंद केला तर बुडालेल्या शुल्काची भरपाई शहराने कंपनीस द्यावयाची. स्वतःच्या रस्त्यावर मिरवणूक काढण्यासाठी शहराला भाडे भरावे लागू लागले. पॅरिसने मात्र सुमारे पाव शतक खासगी कंपन्यांकडे असलेला पाणीपुरवठा २०१० मध्ये, करारांची मुदत संपताच, आपल्या हाती घेतला. मुदत संपेपर्यंत थांबल्यामुळे करारभंगाची भरपाई देण्याचा प्रसंग आला नाही.

अशा शहाणपणाचे जुने उदाहरण शोधण्यासाठी पॅरिसला जाण्याची गरज नाही. मुंबईत मे १८७४ मध्ये घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या त्या खासगी कंपनीच्या होत्या. १९०५ मध्ये वीज व ट्राम यांसाठी नवी कंपनी आली. तिच्याशी झालेल्या व्यवस्थेत पालिकेने एक हक्क स्वतःकडे राखून ठेवला होता, तो म्हणजे मुदतीनंतर सारा उपक्रम विकत घेण्याचा. बेचाळीस वर्षांनी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, मुंबई महानगरपालिकेने तो हक्क बजावला. आज ज्याला आपण ‘बेस्ट’ म्हणतो तो उपक्रम अशा रीतीने शहराच्या मालकीचा झाला. त्या काळचे नगरसेवक खासगी उद्योगाचे विरोधक होते असे नाही. परंतु करार करताना त्यातून बाहेर पडण्याची वाट आधी आखावी लागते, हे त्यांना उमगले होते.

त्याच बेस्टने गेल्या काही वर्षांत पुन्हा चालकासह भाड्याच्या बसगाड्या घेण्यास प्रारंभ केला. गाडी कंपनीची, चालक कंपनीचा, वाहतूक बेस्टच्या नावाने, आणि मोबदला किलोमीटरच्या हिशेबाने. २०२२ मध्ये एका पुरवठादाराने परवडत नाही म्हणून करार सोडला व त्याच्या गाड्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी अपुऱ्या वेतनाच्या प्रश्नावर आठवडाभर संप केला. हा वाद कंपन्या आणि त्यांचे नोकर यांचा होता, बेस्टचा त्याच्याशी कायद्याने संबंध नव्हता. थांब्यावर ताटकळणाऱ्या प्रवाशाला मात्र गाडीवर लाल रंग आणि बेस्टचे बोधचिन्ह दिसत असे, आणि तो जाब बेस्टलाच विचारीत होता. उपक्रमाला त्या आठवड्यात एस. टी. महामंडळाकडून गाड्या मागवून मुंबईच्या रस्त्यांवर चालवाव्या लागल्या.